गॅरेजच्या पार्ट वॉशरमध्ये कोणतं सॉल्व्हंट वापरावं? रॉकेल, डिझेल, एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) की पेट्रोल?

तुम्ही लिहिलंय की टू-व्हीलरचं गॅरेज आहे, ६० लिटरचा पार्ट वॉशर, म्हणजे पार्ट धुवायचं मशीन, नवा घेतलाय आणि शेजारचे मिस्त्री म्हणतात पेट्रोल टाक, पटकन सुकतं. त्या मिस्त्रींना चहा पाजा आणि वाटेला लावा. पेट्रोल नाही म्हणजे नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळं वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत जाऊन पिटात, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात बसते. त्यात तुमच्या मशीनला इलेक्ट्रिक पंप. ह्या विषयावर मी आता वाद घालत नाही. सख्ख्या काकांशी घालून घालून दमलोय.

आमचं गॅरेज सांगलीत, काकांनी उभं केलेलं. काकांची पद्धत म्हणजे पत्र्याचा ट्रे, त्यात रॉकेल, घाईचं काम असलं की पेट्रोल, आणि तारेचा ब्रश. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत आम्ही असंच धुतलं. मग महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या शेडमध्ये टेबलावरचा व्हाइस बुडाला होता, एवढ्यावरून अंदाज करा. पाणी ओसरलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक गाड्या ढकलत आणायला लागले. ड्रेन बोल्ट काढला की ऑइलऐवजी दुधाळ चहा पडायचा. आत नदीचा गाळ, गव्हाच्या पिठासारखा बारीक, प्रत्येक आट्यात आणि बेअरिंगच्या प्रत्येक गोळीमागं.

काकांनी नेहमीसारखं रॉकेल ओतलं. गाळ निघेना. निघणार कसा? रॉकेल ग्रीस विरघळवतं, माती नाही. मातीला पाणी लागतं. तेलकट गाळ रॉकेलमध्ये घासला की त्याचा काळा लगदा होतो, तो वरच्या भागातून निघून खालच्या ऑइलच्या भोकात जाऊन बसतो. मी म्हटलं, आधी पाण्याच्या प्रेशरनं धुऊ, लगेच हवा मारू, मग रॉकेल. काका म्हणाले, "पाण्यानंच बुडालेलं इंजिन तू परत पाण्यात घालणार?" सगळं गॅरेज हसलं. चार क्रँककेस रॉकेलनं धुऊन बांधल्या, त्यातल्या दोन परत खोलल्या. मग कुणी हसलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. सॉल्व्हंट विचारायच्या आधी घाण कसली ते बघा. चेनवरचं ग्रीस, गाळ, जळलेला कार्बन, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्बन रॉकेलमध्ये नुसता भिजतो, सुटत नाही.

त्या कार्बनपायी मी गरम टाकी केली. २०० लिटरचा लोखंडी ड्रम कापला, पाणी तापवायची कॉइल बसवली, पाण्यात कॉस्टिक सोडा. पहिल्यांदा ट्रॅक्टरचं बिडाचं हेड सोडलं. दोन-तीन तासांनी काढलं तर रंग पोपड्यांसारखा सुटलेला, पोर्टमधला कार्बन बोटानं निघत होता. काकांनी हेडवरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. काका बोलत नाहीत म्हणजे पास.

आता मुख्य भानगड. त्या रात्री मी नऊला घरी गेलो. जाताना सांगितलं, हेड काढा, कॉइल बंद करा. काकांनी हेड काढलं, आणि एवढं छान निघतंय तर म्हणून एका गाडीचं क्लच कव्हर आणि कार्ब्युरेटर आत सोडून, झाकण लावून, कॉइल चालूच ठेवून घरी गेले. सकाळी झाकण उचललं तर सोडावॉटरसारखी फसफस. क्लच कव्हर काळं ठिक्कर, पॅकिंग बसतं तो काठ वाळवीनं खाल्ल्यासारखा, स्क्रूचा एक कान हातात आला. कार्ब्युरेटर ओळखू येत नव्हता. गिऱ्हाईक शाळेतले सर होते, बिचारे काही बोलले नाहीत, पण पार्ट नवे आमच्याच खिशातून.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला काका सांगतात, "ह्याच्या पावडरीनं पार्ट खाल्ले." दोष पावडरीचा नाही, चुकीचा धातू आत टाकण्याचा. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, जस्ताच्या मिश्रधातूलाही खातो, बिडाला आणि पोलादाला काही करत नाही. हेड आजही त्या ट्रॅक्टरवर चालू आहे. आणि ती फसफस म्हणजे हायड्रोजन. बंद झाकणाखाली रात्रभर हायड्रोजन, खाली चालू कॉइल, आणि सकाळी काका बिडी ओढतच शटर उघडतात. नशीब त्या दिवशी मी आधी पोचलो. हे मी बारशात सांगत नाही, कारण मोठ्यांचा मान.

तर तुमचं मशीन. आधी बघा त्याला हीटर आहे का. असेल तर ते पाण्याचं मशीन, त्यात रॉकेल, डिझेल, एमटीओ एक थेंबही नको. टू-व्हीलरच्या इंजिनाचे बरेच भाग ॲल्युमिनियमचे, त्यामुळं कॉस्टिकवालं केमिकल घेऊ नका, ॲल्युमिनियमला चालणारं सौम्य अल्कलाइन घ्या, ५०-६० अंशांवर चालवा, स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच हवा मारा आणि लोखंडी भागांना तेलाचा हात द्या. नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस गंज धरतो.

हीटर नसेल तर सॉल्व्हंटचं मशीन. डिझेल स्वस्त नाही, वास हाताला जेवताना येतो, पार्टवर तेलकट थर राहतो. ठेवून द्यायच्या पार्टला तो बरा, रंग द्यायचा किंवा लिक्विड पॅकिंग लावायचं असेल तर वाईट. एमटीओ स्वच्छ निघतं, बहुतेक जण तेच वापरतात. पण त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेते तो, तिशी-चाळिशीतला, रॉकेलचाही फार वर नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा तिथंच असतो. म्हणजे रॉकेल सेफ ही गोष्ट जानेवारीतली. मी आता ६० च्या पुढं फ्लॅश पॉइंट असलेलं, ॲरोमॅटिक (उग्र वासाचे, अपायकारक घटक) काढलेलं सॉल्व्हंट वापरतो. महाग आहे, सुकायला वेळ लावतं, कंप्रेसर लागतोच. पण डोकं दुखत नाही आणि टाकी महिनोन् महिने चालते, खालचा गाळ तेवढा काढायचा. काका म्हणतात पैसे जास्त झालेत. झालेत तर झालेत.

थिनर टाकीत ओतू नका, ओ-रिंग फुगतात. ब्रेकची रबरं तर कुठल्याच पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये नकोत, ती ब्रेक ऑइलनंच धुवायची. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, टू-व्हीलरवाल्यांची सगळ्यात जास्त चूक इथंच होते. नायट्राइलचे हातमोजे घाला. माझ्या बोटांच्या पेरांना दर हिवाळ्यात भेगा पडतात, ते वीस वर्षांच्या रॉकेलचं व्याज. टाकीतला गाळ गटारात नको, ते गटार कृष्णेलाच जातं. डब्यात साठवून परवानाधारक वेस्ट ऑइलवाल्याला द्या.

आणि कॉस्टिकची टाकी पुढंमागं केलीच तर पाण्यात कॉस्टिक घालायचा, कॉस्टिकवर पाणी नाही, गरम होऊन अंगावर उडतं. डोळ्याला गॉगल. झाकणावर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात "ॲल्युमिनियम टाकू नये" असं लिहा. आमच्या झाकणावर ते आहे. पण ते मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, आदल्या दिवशी लिहिलेलं नव्हतं, एवढं काकांचं खरं आहे.