कटवर बॅकहँड टॉपस्पिन बसत नाही, काय करू?

तुमचं दुखणं मला कळलं ते असं: हिंजवडीच्या ऑफिसात रोज टेबल टेनिस खेळता, फोरहँड बरा आहे, पण समोरच्याने बॅकहँडला कट घातला, म्हणजे बॅट बॉलखालून घासली, की तुमचा टॉपस्पिन, म्हणजे बॅट वर घासत मारलेला फटका, थेट नेटमध्ये. मग व्हिडिओ बघून मनगट जोरात फिरवायला लागलात, तर आता बॉल टेबलाबाहेर. घरी एकट्याने सरावासाठी रोबो, म्हणजे बॉल टाकणारं यंत्र, घ्यावा का, हेही विचारलंय.

मनगट तूर्तास बाजूला ठेवा. कोथरूडला आमच्या हॉलवर संध्याकाळी नोकरीवाली मंडळी येतात, त्यातल्या बहुतेकांची अडचण हीच असते आणि तिचं मूळ कोपरात असतं. कोपर बरगडीला चिकटलेलं. हात फिरायला जागाच उरत नाही, मग माणूस खांद्याने बॉल ढकलतो नाहीतर टाचा उचलून सगळं अंगच वर नेतो.

कोपर अंगाच्या थोडं पुढे आणा, कोपर आणि बरगडी यांच्यात एक मूठ मावली पाहिजे. गुडघे वाकवा. बॅट टेबलाच्या पातळीखाली न्या आणि तिचं टोक बेंबीकडे वळवा. बॉल पोटासमोर आला की कोपर साधारण जागच्या जागी ठेवून फक्त पुढचा हात उघडायचा. पत्ते वाटताना लांब बसलेल्या भिडूकडे आपण पान भिरकावतो ना, तीच हालचाल, फक्त खालून वर. त्या वेळी मनगटाला कुणी वेगळं सांगत नाही, ते हातामागून आपोआप सुटतं. इथेही तसंच सुटू द्या. बॅटची पकड सैल असेल तरच ते होतं; अंगठ्याचं नख पांढरं पडत असेल तर तुम्ही बॅट आवळून धरलीय.

आता बॉल नेटमध्ये का जातो ते बघा, म्हणजे बॅट कशी फिरवायची हे पाठ करावं लागणार नाही. कट केलेल्या बॉलची तुमच्याकडची बाजू वर सरकत असते. बॅट उभी आणि जवळजवळ स्थिर असेल तर रबर त्या बाजूला अडवतं आणि बॉल खाली ढकलला जातो. त्यामुळे बॅट बॉलच्या त्या फिरण्यापेक्षा जास्त वेगाने वर गेली पाहिजे. हळू, जपून उचललेला बॉल म्हणूनच पडतो. घाबरून मारलात की नेट ठरलेलंच.

यातली गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. समोरच्याचा कट आणि तुमचा टॉपस्पिन यांत बॉल एकाच दिशेने फिरतो. तुम्हाला त्याचं फिरणं उलटवायचं नसतं, त्यात भर घालायची असते. ब्लॉक होऊन, म्हणजे समोरच्याने नुसती बॅट आडवी धरून परतवलेल्या, टॉपस्पिनच्या बॉलला मात्र ते उलटवावं लागतं, तेही कमी वेळात. म्हणून माझं मत असं की हा फटका कटवरच आधी शिकावा. बरेच जण ब्लॉकवर सुरुवात करून देतात, मला ते पटत नाही. कटचा बॉल हळू येतो, विचार करायला वेळ देतो, आणि नीट लागला तर तुम्हालाच जास्त स्पिन मिळतो.

बॉल उसळून सगळ्यात वर पोचला की किंवा तिथून किंचित उतरायला लागला की घ्या. बाहेर जाईल ही भीती सोडा. नेट 15.25 सेंटिमीटर उंच असतं, त्याच्याही वर वीतभर बॉल गेला तरी चालेल, स्पिन असेल तर तो पलीकडे जाऊन खाली वळतोच. बाहेर जातोय याचा अर्थ बहुधा तुम्ही बॉलच्या मागे आपटताय, वर घासत नाही आहात. कान द्या: लाकडाचा ‘टॉक’ आला तर आपटलात, दबका, घासल्यासारखा आवाज आला तर बसला. पण जुने खेळाडू ‘नुसता घासून मार’ म्हणतात ते आता तंतोतंत लागू नाही. 2014 पासून सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचा बॉल आला, त्यावर स्पिन कमी बसतो. बॉल जरासा रबराखालच्या स्पंजमध्ये रुतला पाहिजे, मग वर ओढायचा.

ब्लॉकवर तेच, फक्त बॅट कमी खाली न्या, तिचं तोंड जास्त झाकलेलं, म्हणजे पुढे कललेलं ठेवा आणि वर कमी, पुढे जास्त जा.

ऑफिसच्या टेबलावर ठेवलेल्या बॅटने यातलं काहीही होणार नाही. त्यांचं रबर गुळगुळीत झालेलं असतं, बॉल पकडतच नाही. स्वतःची बॅट घ्या, दोन्हीकडे साधं उलटं रबर (दाणे आत, बाहेरून सपाट), मध्यम स्पंज. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा दमट झाली की रबरावर ओल धरते आणि बॉल घसरतो, तेव्हा गेम चालू असतानाही पुसत राहा. खेळून झालं की ओलसर स्पंजने धूळ काढून वर प्लास्टिकचा कागद लावा.

बघून शिकायचं तर भारताचा खेळाडू साथियन याचा बॅकहँड बघा. 2023 मध्ये अल्टिमेट टेबल टेनिस ही लीग पुण्यात बालेवाडीला झाली, त्या सामन्यांत बॉल सोडून त्याचं कोपरच बघत बसलं तरी पैसे वसूल होते. मनिका बत्राचा बॅकहँड मात्र नक्कल करायला घेऊ नका. तिच्या त्या बाजूला लांब दाण्यांचं रबर असतं, त्याचं गणितच वेगळं.

एकट्याने करायचं असेल तर डाव्या हाताने बॉल टेबलावर सोडा, उसळू द्या, उतरताना खालून उचला. पलीकडे टप्पा पडल्यावर बॉल पुढे झेपावला तर स्पिन आहे, नुसता उडाला तर नाही. बॉलवर स्केचपेनने एक आडवा पट्टा ओढलात तर तो कसा फिरतोय हेही दिसतं.

रोबोवर इतक्यात पैसे घालू नका. तो बॉल टाकतो, पण समोरच्याचा हात बघून कट किती आहे हे ओळखायला शिकवत नाही. त्यापेक्षा ऑफिसात ज्याचा कट सगळ्यात चिवट आहे त्याला रोज चहा पाजा आणि पंधरा मिनिटं तुमच्या बॅकहँडला नुसता कट घालायला लावा. पॉइंट मोजायचे नाहीत, असं आधीच ठरवून घ्या.