देशभर एकच वेतन धोरण आलं की संप कमी होतात का?

तुम्ही विचारलंय, केंद्राने पगाराचं धोरण ठरवलं तर संप घटतात की वाढतात. किमान वेतनाचा आकडा वाढवून फार फरक पडत नाही. ज्यांना तेवढंही मिळत नाही त्या छोट्या गाळ्यांतल्या कामगारांची बहुधा युनियनच नसते, संप करणार कोण? फरक पडतो तो सरकार पगार रोखतं तेव्हा.

१९७४ घ्या. मे महिन्यात रेल्वेचा संप मोडला आणि जुलैत सगळी पगारवाढ, आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा हिस्सा, सरकारने सक्तीच्या ठेवीत टाकला. पुढच्या वर्षी आणीबाणी, आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ वर. संपात आणि टाळेबंदीत (म्हणजे मालकानेच कारखाना बंद ठेवला तेव्हा) बुडालेले कामाचे दिवस १९७४ साली सुमारे ४ कोटी होते, ते १९७६ साली सव्वा कोटीच्या आसपास आले. झकास! फक्त त्यातले बहुतेक दिवस टाळेबंदीचे होते. कामगाराचं तोंड बंद केलं होतं, मालकाचं नाही. १९७७ला बोनस पुन्हा ८.३३ झाला, तरी तुंबलेलं सगळं बाहेर पडलंच. १९७९ साली आकडा परत ४ कोटींच्या वर.

आम्ही लालबागचे, त्यामुळे गिरणी संपाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ठिणगी १९८१च्या दिवाळी बोनसची. पण १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख माणूस बाहेर पडला तो तेवढ्यासाठी नाही. बदली कामगार पाळीच्या आधी गेटवर उभा राहायचा, कायमवाला आला नाही तरच त्याला काम. त्याला कायम करा, ही मागणी होती. आणि १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, हीही. त्या कायद्याने सगळ्या मुंबईच्या गिरण्यांसाठी बोलायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, म्हणजे मान्यताप्राप्त युनियनला होता. कामगार एकीकडे, मान्यता दुसरीकडे. मग सामंतांशी बोलणी होणार कशी? तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

आता केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. देशासाठी किमान वेतनाची तळरेषा, संपाआधी १४ दिवसांची नोटीस, निम्म्या कामगारांनी एकदम रजा टाकली तर तोही संप. मला यातलं ५१ टक्क्यांचं कलम महत्त्वाचं वाटतं: तेवढे सभासद असलेल्या युनियनशीच मालकाने बोलायचं. सभासदांची मोजणी सरळ झाली तर भांडणं टेबलावर मिटतील. पण मुंबईत आज बरेच जण कंत्राटी आहेत, आणि त्यांची मोजणी कंपनीत करायची की ठेकेदाराकडे, पहिला वाद तिथेच होणार.