ग्रीक पुराणकथांवरचे छोटे मूकपट: कुठून सुरुवात करावी

मूकपटांच्या काळात ग्रीक पुराणकथांवर छोटे चित्रपट निघाले होते का आणि आज बघायचे तर आधी कोणते बघावेत, असं तुम्ही विचारलंय. निघाले होते, आणि बरेच निघाले. पहिला बघा फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएसचा १८९८चा ‘पिग्मॅलियन आणि गॅलेटिआ’. जेमतेम मिनिटभराचा आहे.

शिल्पकार स्वतःच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो आणि मूर्ती जिवंत होते, ही मूळ कथा. मेलिएसने ती का उचलली असेल, ते बघताक्षणी कळतं. तो जादूगार होता, पॅरिसमधलं रोबेर-हुदां थिएटर त्याच्या मालकीचं होतं. कॅमेरा थांबवायचा, पुतळा हलवून तिथे नटी उभी करायची, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा, ही त्याची हातखंडा युक्ती. ग्रीक कथांमध्ये मुलीचं झाड होतं, दगडाची माणसं होतात. अशा कथा त्या युक्तीसाठी आयत्याच तयार होत्या! रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात शिल्पकाराला ती मिळते. इथे तो मिठी मारायला जातो तर तिचं धड एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि शेवटी पुन्हा निर्जीव पुतळा. मला हा शेवट फार आवडतो.

दुसरा मेलिएसचाच, १९०५चा, अप्सरा कॅलिप्सोच्या बेटावर गेलेल्या युलिसिसचा, म्हणजे ग्रीक महाकवी होमरच्या ‘ओडिसी’च्या नायकाचा. होमरने कॅलिप्सो आणि एकडोळ्या राक्षस पॉलिफीमस यांना वेगवेगळ्या बेटांवर ठेवलंय, मेलिएसने दोघांना एकत्र आणलं. त्यावर नाराज होऊ नका. गुहेतून तो अवाढव्य हात बाहेर येतो तेव्हा होमर आठवतच नाही.

फाळक्यांचे चित्रपट बघितले असतील तर हे सगळं ओळखीचं वाटेल. तेही जादूचे प्रयोग करत, आणि ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) त्यांनीही पुराणकथा कॅमेऱ्याच्या करामतींनीच उभी केली. दोघांचे चित्रपट एकाच संध्याकाळी पाहा, असा माझा आग्रह आहे.

त्यानंतर १९११चा इटालियन ‘ट्रॉयचा पाडाव’. तुरिनच्या इताला फिल्मसाठी पास्त्रोने आणि बोर्न्येतो यांनी केलेला, अर्ध्या तासाच्या आसपासचा. युक्त्या इथेही आहेत, पण भर भव्य नेपथ्यावर, गर्दीवर आणि ज्याच्या पोटात लपून ग्रीक सैनिक ट्रॉय शहरात शिरले त्या लाकडी घोड्यावर आहे. त्याच वर्षीचा मिलानो फिल्म्सचा ‘ओडिसी’ आणखी लांब आहे. तो सावकाश बघा.

मेलिएसने १९२३ साली हताश होऊन आपल्या निगेटिव्ह स्वतःच जाळल्या. त्यामुळे जे उरलंय ते इतरत्र सापडलेल्या प्रतींमुळे, आणि त्या बऱ्याचदा ओरखडलेल्या असतात. नेटवरच्या काही प्रतींमध्ये वेग चुकलेला असतो. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर प्लेअरचा वेग थोडा कमी करा. पार्श्वसंगीत नंतर कुणीतरी घातलेलं असतं, पहिल्यांदा बघताना ते बंदच ठेवा.