गराडू तू सोल, तळू दे आईला

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरचं ऑफिस, घरी यायला रात्रीचे नऊ, त्यात नवी नोकरी. घरच्यांसाठी वेळच उरत नाही, हे तुझं गाऱ्हाणं कळलं. पण घरच्यांसाठी 'खास वेळ' काढायचा, सगळ्यांना महेश्वरला न्यायचं, हे बेत तूर्त बाजूला ठेव. ते पुढेच ढकलले जातात, वर मनाला टोचणी लागते ती वेगळी.

त्यापेक्षा घरात जे रोज आपसूक घडतंय तिथे बूड टेकून बस. सकाळचे पोहे उभ्याउभ्या गिळू नकोस. मोबाइल आतल्या खोलीत राहू दे. बाबा पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरतील, शेव कुणाला जास्त यावरून वाद होईल, मग नर्मदेचं पाणी आज येणार की उद्या हा कायमचा विषय. कंटाळवाणा आहे, मान्य! तरी ऐक, मध्येच एखादी जुनी गोष्ट निघते.

थंडीत सराफा बाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला जरूर ने त्यांना. पण सोन्याची दुकानं मिटल्यावर तिथे खाण्याचे ठेले लागतात, तोवर आईला झोप येते आणि गर्दीही सोसत नाही. मग कंद घरीच आण. सोलताना हाताला तेल लाव, नाहीतर खाज सुटते. तळणं तिच्याकडे, वरून लिंबू-मसाला तुझ्याकडे. गप्पा मारायला वेगळं निमित्त लागत नाही.

आणि हो, रंगपंचमीची रजा आत्ताच टाकून ठेव. गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याकडे गाडी नेता येत नाही, म्हणून घरून लवकर निघा.