पेन्शनवाढीच्या आंदोलनाला पहिल्यांदाच आझाद मैदानावर येताय ना, ताई?

मुलगा ‘या वयात कशाला’ म्हणाला, म्हणून अडखळू नका. महागाईविरुद्धच्या १९७२ च्या लाटणे मोर्चात थाळ्या बडवणाऱ्या तरुण मुली आज सत्तरीपार आहेत; त्यांना आंदोलन कुणी शिकवायचं?

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

– बीपीची गोळी नाश्त्यानंतर घेऊनच निघा. नाव, रक्तगट, औषधं आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवा.
– फलक काठीला लावू नका, दहा मिनिटांत हात भरून येतो. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड अक्षरांत लिहिते, वर दोन भोकं पाडून नाडी ओवते आणि गळ्यात अडकवते.
– पहिल्याच तासात घसा बसवून घेऊ नका.

सगळ्यांत मोठी चूक कॅमेऱ्यासमोर होते. माइक पुढे आला की आपण ‘आम्हा म्हाताऱ्यांवर दया करा’ म्हणून बसतो आणि बातमीत ‘बिचारे आजी-आजोबा’ होतो. तसं बोलू नका. ईपीएस-९५ म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदारांची १९९५ ची पेन्शन योजना; तिची किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. आपण ७,५०० आणि महागाई भत्ता मागतोय. किती वर्षं नोकरी केली, हातात किती येतात, हे दोनच आकडे ठणकावून सांगा. कुणी लाडानं ‘आजी, तुम्ही सावलीत बसा’ म्हणालं, तर जरूर बसा, पण फलक पुढे धरून.

निवेदन, परवानग्या हे पुढच्या वेळी बघू. सीएसएमटीला उतरलात की फोन करा, मी घ्यायला येते.