परवाना कुठला आणि कशासाठी? लँडस्केप आर्किटेक्ट होऊ पाहणारी एक विद्यार्थिनी

लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांची रचना करणारा व्यावसायिक, होण्यासाठी परवाना कसा मिळवायचा, हा प्रश्न अलीकडे पालक मला वारंवार विचारू लागले आहेत. बहुतेक वेळा त्या प्रश्नामागे दोन देशांतील माहितीची सरमिसळ झालेली असते, आणि ती सोडवून दाखवली की निम्मी काळजी आपोआप कमी होते. उरलेली निम्मी काळजी कशाची असते, हे मात्र प्रत्येक घरात वेगळे निघते. तासगाव तालुक्यातील ज्या कुटुंबाविषयी मी येथे लिहीत आहे, त्यांच्या अनुभवातून या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडिलांची द्राक्षबाग आणि छोटी रोपवाटिका होती. मुलगी उद्यानविद्येच्या चार वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला लँडस्केप आर्किटेक्ट व्हायचे होते. त्यावर घरात तीन प्रकारचे सल्ले येऊन पडले होते. अमेरिकेतील मावसभावाने कळवले होते, की या कामासाठी परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो आणि त्याशिवाय नकाशावर सही करता येत नाही. सांगलीतील एका परिचित आर्किटेक्टने सांगितले होते, की भारतात असा वेगळा परवाना देणारी परिषद नाही. महाविद्यालयातील प्राध्यापक म्हणत होते, की पुष्पशास्त्र आणि प्रांगण उद्यान या विषयात एम.एस्सी. कर म्हणजे झाले. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि त्यामुळेच घरातला गोंधळ वाढला होता. रोपवाटिकेच्या परवान्याची फाइल स्वतः कृषी कार्यालयात फिरवलेल्या वडिलांच्या दृष्टीने परवाना म्हणजे व्यवसायाचा पाया होता. ते म्हणाले, “मॅडम, बाकीचं राहू दे. पोरीला लायसन मिळणार का नाही, तेवढं सांगा. उद्या कुणी हिला म्हणायला नको, की तुला अधिकारच नाही.”

आधी आपल्या देशातील स्थिती पाहू. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते. त्याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये मात्र लँडस्केप आर्किटेक्ट आणि नेव्हल आर्किटेक्ट या दोघांना या बंधनातून वगळले आहे. झाडे, वनस्पती आणि भूदृश्य यांच्या संदर्भात मोकळ्या जागांची रचना करणारी व्यक्ती म्हणजे लँडस्केप आर्किटेक्ट, असे स्पष्टीकरणही तिथेच दिलेले आहे. याचा अर्थ असा, की ही उपाधी वापरली म्हणून त्या कायद्याखाली कोणी अडवणार नाही. पण त्या उपाधीला कायद्याने दिलेले संरक्षणही नाही. मी हे सांगितल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावर समाधानापेक्षा धास्तीच अधिक दिसली आणि ती स्वाभाविक होती. कोणालाही पाटी लावता येत असेल, तर शिकलेल्या माणसाला वेगळे कसे ओळखायचे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर पदवीत आहे. भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, लँडस्केप आर्किटेक्टसाठी त्या विषयातील पदवी किंवा पदव्युत्तर पदवी ही किमान पात्रता धरली आहे. पाच हेक्टर आणि त्याहून मोठ्या भूखंडांच्या, तर महानगरांत दोन हेक्टर आणि त्याहून मोठ्या भूखंडांच्या परवानगीसाठी लागणारी भूदृश्यरचना त्याच्या कार्यकक्षेत ठेवली आहे. ही संहिता मार्गदर्शक आहे. स्थानिक प्राधिकरण आपल्या नियमांत तिचा जेवढा भाग घेईल, तेवढाच तिथे बंधनकारक होतो. त्यामुळे जिथे काम करायचे, त्या महापालिकेची तांत्रिक व्यक्तींच्या नोंदणीची नियमावली स्वतः वाचावी लागते. कोणाच्या तोंडी माहितीवर विसंबून चालत नाही. इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, म्हणजे इसोला, ही या व्यावसायिकांची संघटना आहे. तिचे सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे, तरी व्यवसायातील लोक त्याची दखल घेतात.

आपल्याकडे ही पदवी मिळवण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे आधी पाच वर्षांचे बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, आणि नंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे एम.आर्क. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ मध्ये देशातील असा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. आज अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात, भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आणि पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयातही तो शिकवला जातो. दिल्लीच्या संस्थेत दीर्घकाळ शिकवणारे मोहम्मद शहीर यांनी हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागांच्या पुनरुज्जीवनावर आणि त्याच्या शेजारच्या सुंदर नर्सरी या उद्यानाच्या आराखड्यावर काम केले. ज्या पालकांना हा व्यवसाय म्हणजे हिरवळ आणि कुंड्या वाटतो, त्यांनी दिल्लीला गेल्यावर सुंदर नर्सरीत एक सकाळ अवश्य घालवावी, असे मी नेहमी सांगते. या मार्गाने गेलेल्या व्यक्तीला बी.आर्क.नंतर कौन्सिलकडे नोंदणी करता येते, त्यामुळे तिच्याकडे संरक्षित उपाधीही असते आणि विशेष शिक्षणही असते. बारावीत शिकणारे विद्यार्थी येतात, तेव्हा मी त्यांना निःसंकोचपणे हाच मार्ग सुचवते आणि गणित सोडू नका, असे बजावते.

आमच्या विद्यार्थिनीची अडचण नेमकी इथेच होती. तिने अकरावीतच गणित सोडून जीवशास्त्र घेतले होते. बी.आर्क.च्या प्रवेशाला बारावीचे गणित अनिवार्य आहे आणि एम.आर्क.ला बी.आर्क. लागते. गणिताची परीक्षा नव्याने देऊन बी.आर्क. करावे, हा विचार वडिलांनी बोलून दाखवला. परंतु चार वर्षांच्या पदवीनंतर पुन्हा सात वर्षे शिकत राहणे तिला आणि घराला झेपणार नाही, असे माझे स्पष्ट मत होते आणि ते मी सांगितले. कृषी विद्यापीठातील एम.एस्सी. ही चांगली पदवी आहे. पण तिचा भर वनस्पती, लागवड आणि संगोपनावर असतो. चढउताराचे नकाशे, पावसाच्या पाण्याचा निचरा, पायऱ्या, भिंती आणि निविदेची ड्रॉइंग हा भाग डिझाइन स्टुडिओत वर्षानुवर्षे काम करून अंगवळणी पडतो आणि तो तिथे तेवढा मिळत नाही. महापालिकेच्या उद्यान विभागातील पदांसाठी मात्र उद्यानविद्येची पदवी विचारात घेतली जाते, आणि त्या कामाला वेगळा व्यावसायिक परवाना लागत नाही. हा पर्यायही मी कुटुंबापुढे ठेवला. मुलीने तो नाकारला नाही, पण तिचे मन त्यात नव्हते.

मग अमेरिकेचा विषय निघाला. मावसभावाचे म्हणणे त्या देशापुरते अगदी खरे होते. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाने या व्यवसायाला परवाना लागू केला आणि असे करणारे ते पहिले राज्य ठरले. आज पन्नासही राज्यांत परवाना आहे. तो केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचे मंडळ देते. त्यासाठी साधारणपणे तीन गोष्टी पाहिल्या जातात: मान्यताप्राप्त पदवी, परवानाधारकाच्या देखरेखीखाली केलेले काम आणि ‘लारे’ नावाने ओळखली जाणारी परीक्षा. पदवीला मान्यता देणारे मंडळ ‘लाब’ या नावाने ओळखले जाते आणि परीक्षा राज्य मंडळांची संघटना ‘क्लार्ब’ घेते. अनुभवाची अट राज्याराज्यांत बदलते, आणि काही राज्ये पदवी व अनुभव यांची बेरीज करून पात्रता ठरवतात. परीक्षेचे चार स्वतंत्र भाग आहेत आणि ते कोणत्याही क्रमाने देता येतात. पहिल्या भागात जागेची पाहणी, विश्लेषण आणि प्रकल्प व्यवस्थापन येते, दुसऱ्यात नियोजन आणि रचना, तिसऱ्यात बांधकामाची कागदपत्रे व प्रशासन, आणि चौथ्यात जमिनीचा उतार, निचरा आणि पावसाच्या पाण्याचे व्यवस्थापन.

आमच्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची माहिती वेगळीच होती. तेथील अनेक विद्यापीठांत मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर या पदवीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि तो डिझाइनची पार्श्वभूमी नसलेल्या पदवीधरांसाठीच आखलेला असतो. आर्किटेक्चरच्या पदवीधरांना तीच पदवी बहुधा दोन वर्षांत मिळते. उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी तिथे अडचण ठरत नाही, उलट जमेची बाजू ठरते. २०२३ च्या जुलैमध्ये हा विषय अमेरिकेच्या स्टेम यादीत, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या सरकारी यादीत, घेतला गेला. त्यामुळे शिक्षणानंतरच्या बारा महिन्यांच्या कामाच्या मुभेला आणखी चोवीस महिन्यांची जोड मिळू शकते आणि परवान्यासाठी लागणारा अनुभव त्या काळात जमू शकतो. व्हिसाचे नियम सरकारच्या धोरणाप्रमाणे बदलतात, म्हणून कर्जाचे गणित मांडताना तिथे नोकरी मिळेलच असे गृहीत धरू नये, हे मी वडिलांना दोनदा सांगितले. तिकडचा परवाना घेऊन भारतात परतले, तर इथे त्याला कायद्याने वेगळा अधिकार मिळत नाही, हेही सांगितले. पदवी आणि अनुभव मात्र इथे उपयोगी पडतात.

एवढे बोलून झाले तरी मुलगी गप्प होती. परीक्षेचे चार भाग सांगत असताना चौथ्या भागापाशी तिने मान खाली घातली, ते माझ्या लक्षात आले. मी वडिलांना बाहेर बसायची विनंती केली आणि तिला विचारले, “परवान्याची भीती वाटते, की उताराच्या आकडेमोडीची?” ती म्हणाली, “मॅडम, गणित सोडलं तेव्हाच सगळ्यांनी सांगितलं होतं, की हिला आकडे जमत नाहीत. आणि तिकडं जाऊन नापास झाले, तर पप्पांची जमीन गहाण पडेल.”

माझ्या अनुभवात परवान्याविषयीच्या प्रश्नाखाली पुष्कळदा अशी दुसरीच भीती दडलेली असते. ती दूर करायला आश्वासनाचे शब्द पुरत नाहीत, प्रत्यक्ष काम द्यावे लागते. मी तिला एक काम दिले. गावातील शाळेच्या मैदानावर पावसाळ्यात पाणी साचत असे. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप आणि टेप घेऊन तिने ठरावीक अंतरावर जमिनीची उंची मोजायची, समान उंचीचे बिंदू जोडून चढउताराचा नकाशा काढायचा, पाणी कुठून येते आणि कुठे अडते हे दाखवायचे आणि मग कुठे कोणते झाड लावायचे ते ठरवायचे. तीस मीटर लांबीच्या पट्ट्याला दोन टक्के उतार द्यायचा, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठ सेंटिमीटर उतरावे लागते. हा हिशोब सातवीतल्या टक्केवारीचा आहे, आणि त्या परीक्षेतील कठीण प्रश्नांचा पायाही तोच आहे. तो हिशोब मैदानावर उभे राहून केला, तर त्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो.

तिने आणलेले रेखाटन कच्चे होते. पण मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यात काळी माती असल्याने तिथे पाणी मुरायला वेळ लागतो, तर प्रवेशद्वाराजवळ मुरूम असल्याने तिथे पाणी टिकत नाही, हे तिने स्वतः खड्डे घेऊन तपासले होते. ओल सहन करणारा अर्जुन खालच्या बाजूला, आणि बहावा व कडुनिंब वरच्या बाजूला, अशी मांडणी तिने कारणांसह लिहिली होती. झाडे ओळखणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात; झाड, माती आणि पाण्याची वाट एकत्र पाहणारे थोडे असतात. हे मी तिला आणि तिच्या वडिलांना एकत्र बसवून सांगितले, कारण ते त्यांनीही ऐकणे आवश्यक होते.

त्यानंतर आम्ही असे ठरवले, की पदवी मिळताच परदेशी अर्ज करायचा नाही. आधी पुण्यातील एखाद्या लँडस्केप कार्यालयात वृक्षलागवडीच्या आराखड्यांवर काम करायचे आणि तिथेच ऑटोकॅड व क्यूजीआयएस ही नकाशे काढण्याची सॉफ्टवेअर शिकायची. राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) दहा टक्के जागा मनोरंजनाच्या मोकळ्या जागेसाठी ठेवावी लागते. त्यामुळे गृहप्रकल्पांत अशा कामाची मागणी असते आणि वनस्पती जाणणारी व्यक्ती त्या कार्यालयांना हवीच असते. तिला तशी नोकरी मिळाली. पगार बेताचा आहे. तिथे ड्रॉइंगवर सही कार्यालयाच्या प्रमुखांची असते. तिच्या नावावर अजून कोणताही परवाना नाही, आणि आत्ताच्या कामासाठी तो लागतही नाही, हे वडिलांनी स्वतः त्या कार्यालयात जाऊन विचारून घेतले.

आता ती पोर्टफोलिओ तयार करीत आहे आणि त्यात शाळेच्या मैदानाचा नकाशा नीट काढून पहिल्या पानावर घेतला आहे. विद्यापीठांची यादी करताना तिला मी दोनच गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत. संबंधित अभ्यासक्रमाला आज ‘लाब’ची मान्यता आहे का, हे त्या मंडळाच्या स्वतःच्या यादीत पाहायचे, विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर थांबायचे नाही. आणि ज्या राज्यात पुढे काम करण्याचा विचार आहे, त्या राज्याच्या मंडळाची अनुभवाची अट प्रवेश घेण्यापूर्वीच वाचून ठेवायची. वडिलांनी कर्जासाठी बँकेकडे चौकशी केली आहे. जमीन गहाण न ठेवता किती रक्कम उभी राहू शकते, एवढेच सध्या विचारले आहे. शिष्यवृत्ती किंवा अध्यापन साहाय्यक म्हणून काम मिळाल्याशिवाय जायचे नाही, हा निर्णय मुलीने स्वतः घेतला आहे. तसे न घडल्यास पुण्यातील नोकरी चालू ठेवून उद्यान विभागाच्या परीक्षेचा अर्ज भरायचा, असे तिने वडिलांना सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.