'उर्सो' म्हणजे कोण? आणि पित्ताम्ल की आम्लपित्त?

प्रश्न असा आला आहे: पित्तखड्यांच्या गोळीवर 'उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड' असं लिहिलेलं असतं. त्यातला 'उर्सो' काय, आणि या औषधाला मराठीत 'पित्ताम्ल' म्हणावं का?

उर्सो म्हणजे अस्वल. लॅटिनमध्ये अस्वलाला 'उर्सुस' म्हणतात. जपानच्या मासातो शोदांनी १९२७ साली अस्वलाच्या पित्तातून हे आम्ल शुद्ध रूपात वेगळं काढलं, म्हणून हे नाव. (आता गोळीसाठी अस्वल लागत नाही; बहुतेक माल गाईबैलांच्या पित्तातल्या आम्लापासून बनवतात.) पुढचं 'कोल' हे ग्रीकमधलं पित्त.

खरी गंमत पुढे आहे. हा उर्सुस आपल्या संस्कृत 'ऋक्षा'चा सख्खा भाऊ. जांबवानाला ऋक्षराज म्हणतात तोच ऋक्ष. हिंदीतला रीछ आणि मराठी कोशांतली 'रीस' त्याचीच लेकरं. उर्सोच्या आधी खडे विरघळवायला 'कीनोडिऑक्सिकोलिक' वापरत. त्यातला 'कीनो' म्हणजे ग्रीक हंसपक्षी, आणि तो शब्दही आपल्या 'हंसा'च्याच कुळातला. पित्ताच्या रसायनशास्त्रात असं अख्खं प्राणिसंग्रहालय आहे. डुकराच्या नावाचं आम्लसुद्धा आहे.

आता 'पित्ताम्ल'. शब्द बिनचूक आहे: पित्तातलं आम्ल. पण ते त्या सगळ्या गटाचं नाव झालं, या एका औषधाचं नव्हे. शिवाय आपल्याकडे 'पित्त' फार ताणलेलं आहे. जळजळलं की पित्त झालं, अंगावर गांधी आल्या की पित्त उठलं, डोकं दुखलं तरी पित्तच. माझ्या मावशीला डॉक्टरांनी ही गोळी दिली, तेव्हा तिने सरळ काकांना सांगितलं, "चहाने छातीत जळजळतंय ना? घ्या, पित्ताचीच आहे!" काकांना झालं होतं आम्लपित्त, म्हणजे जठरातल्या आम्लाचा त्रास. तिची गोळी होती यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणाऱ्या पित्तासाठी. ती कोलेस्टेरॉलचे छोटे खडे महिनोन्‌महिने घेऊन विरघळवते. चुन्याने कडक झालेल्या खड्यांवर तिचा उपयोग नाही. यकृतातल्या बारीक पित्तनलिका नासवणाऱ्या एका दीर्घ आजारातही ती देतात.

तेव्हा लेखात गटाला 'पित्ताम्ले' जरूर लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'यकृतात बनणाऱ्या पित्तातली' एवढं जोडून. औषधाला मात्र 'उर्सो'च राहू द्या. 'ऋक्षपित्ताम्ल' मला मोहात पाडतं, पण औषधाच्या दुकानात ते मागायची माझी हिंमत नाही.